टीटी घेतलं होतं, मग धनुर्वात कसा झाला?

सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलंय. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) ऊस तुटून गेल्यावर सासरे, म्हणजे त्यांचे मामा, वय ६३, पाचट गोळा करायला रानात गेले आणि कोयत्यानं तिरका छाटलेला बुडखा चपलेतून तळपायात घुसला. घरी हळद-चुना भरून चिंधी बांधली. दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी टीटी, म्हणजे धनुर्वाताची लस, टोचलं. आठवड्यात जखम सुकली. नवव्या दिवशी मामांचं तोंड उघडेना. सगळ्यांना वाटलं दाढ असेल. दातांच्या डॉक्टरांनी ‘तोंड उघडल्याशिवाय काय बघू’ म्हणून वेदनाशामक गोळ्या दिल्या. दहाव्या दिवशी मान-पाठ धरली, पाण्याचा घोट ठसक्यावर जाऊ लागला. अकराव्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात ताट पडलं आणि त्या आवाजासरशी मामांचं अंग ताठरून कमानीसारखं उचललं गेलं. घरच्यांनी ‘बाहेरचं’ म्हणून रात्री एका देवऋषीकडे नेलं. पहाटे मिरज गाठलं. गळ्याला छेद देऊन नळी, व्हेंटिलेटर, पाच आठवडे अतिदक्षता विभाग. आता मामा घरी आहेत.

ताई विचारतात: ‘आत्ती, म्हणजे सासूबाई, म्हणतात, शिकलेली सून घरात असून कळलं नाही. खरंच मला कळायला हवं होतं का? टीटी घेतलेलं असल्यामुळं धनुर्वाताचा विचार आमच्या डोक्यातच आला नाही. त्या डॉक्टरांविरुद्ध तक्रार करावी का? मामा आता पुढचे डोस घ्यायला तयार नाहीत. म्हणतात, येऊन गेलेला रोग परत येत नाही. आणि मुलाचा जबडा जरा दुखला तरी माझ्या पोटात गोळा येतो, त्याचं काय करू?’

ताई,

मामा घरी आले, पडवीपर्यंत चालत येतात, हे वाचून जीव भांड्यात पडला. ६३ व्या वर्षी धनुर्वातातून सुटणं सोपं नसतं. ज्या घरानं पाच आठवडे मिरजेच्या चकरा मारल्या, त्या घराकडून काहीच झालं नाही, असा हिशेब निदान तुम्ही तरी मांडू नका.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांपेक्षा तुमचं एक वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटलं: टीटी घेतलेलं असल्यामुळं धनुर्वाताचा विचार डोक्यातच आला नाही. तीन दिवस गेले ते या वाक्यामुळं. तुमचं शिक्षण कमी पडलं म्हणून नव्हे. आणि हे वाक्य तुमच्या एकट्या घरातलं नाही. सांगली-साताऱ्यातल्या दर दुसऱ्या घरात, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच दवाखान्यांतही, ते ऐकू येतं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

लस टोचली की शरीर स्वतः प्रतिपिंडं, म्हणजे विषाला निकामी करणारी प्रथिनं, तयार करतं, आणि त्याला वेळ लागतो. ज्याचे आधीचे डोस पुरे झालेत त्याला जखमेनंतरचा एक डोस पुरतो, कारण शरीराला जुनी ओळख असते. ज्याला आधी काहीच मिळालेलं नाही त्याला तो पहिला डोस त्या जखमेपुरता जवळजवळ निरुपयोगी असतो; जंतूचं विष नसांपर्यंत पोहोचेस्तोवर प्रतिपिंडं तयारच झालेली नसतात. तुम्हीच लिहिलंय की मामा अभिमानानं सांगायचे, ‘जन्मात सुई टोचून घेतली नाही.’ त्यांच्या पिढीचं ते खरंच असतं. आपल्याकडे लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला १९७८ मध्ये, आणि तो गावोगाव पोहोचवण्याची मोहीम १९८५ पासूनची. मामा तोवर कर्ते झाले होते. बायकांना निदान बाळंतपणात टीटी मिळायचं, पुरुषांना तेही नाही.

अशा माणसाच्या खोल, मातीनं माखलेल्या जखमेला लसीबरोबर दुसरं एक इंजेक्शन लागतं, टेटॅनस इम्युनोग्लोब्युलिन. त्यात तयार प्रतिपिंडं असतात, ती लगेच कामाला लागतात. लस एका दंडात आणि हे दुसरीकडे, असं एकाच वेळी देतात. टीटी घेतलं म्हणजे धनुर्वात नाहीच, असा निकाल तुम्ही दिलात. पण ज्यांच्या हातात सिरिंज होती त्यांनी ‘याआधी डोस कधी घेतले होते?’ एवढं विचारलं असतं, तर तुम्हाला तो निकाल द्यायची वेळच आली नसती.

आता ते तीन दिवस. मी ते पुन्हा उकरते आहे ते दोष शोधायला नाही. या आजाराची लक्षणं कुठल्या क्रमानं येतात ते तुमच्या पत्रात इतकं नेमकं उतरलंय, की दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा.

पहिला दिवस. ‘भाकरीचा तुकडा ओठांपाशी नेला, तोंड उघडेचना. शेवटी दुधात कुस्करून बोटानं गालात सारला.’ बहुतेकांची सुरुवात अशीच होते. विष अंगभर पसरतं, पण ज्या नसा आखूड त्यांच्या वाटेनं मेंदू-मज्जारज्जूपर्यंत आधी पोहोचतं. चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या नसा आखूड, म्हणून जखम तळपायाला आणि पहिली तक्रार तोंडाची. हे कुणालाही चकवणारंच आहे. पाय तर बरा झालेला!

दाढ आणि धनुर्वात यांत फरक कसा करायचा? दाढेचं दुखणं आधी येतं, एका बाजूला असतं, गाल सुजतो, आणि दुखतं म्हणून माणूस तोंड उघडत नाही. धनुर्वातात दुखणं नंतर. दोन्ही बाजूंचे जबडे आवळलेले, कानाखाली हात लावला तर स्नायू टणक, आणि उघडायचं म्हटलं तरी उघडत नाही. तुमच्या यजमानांना तंबाखूचा संशय आला, तोही अगदीच चुकीचा नव्हता. गुटखा-मावा खाणाऱ्यांचं तोंड खरंच कमी उघडतं, पण ते महिनोन्‌महिने हळूहळू होत जातं, तिखट झोंबायला लागतं, गालाच्या आतून पांढरट पट्टे येतात. काल चिवडा खाणाऱ्याचं तोंड आज मिटलं, तर त्यात तंबाखूचा हात नाही. टॉन्सिलपाशी पू झाला तरी तोंड उघडत नाही, पण त्याआधी घसा दुखून ताप येऊन गेलेला असतो. आणि उलटीच्या औषधानंतर काहींची, विशेषतः पोरासोरांची, मान वाकडी होऊन डोळे वर चढतात, जबडाही अडकतो. ते औषध घेतल्यावर थोड्या वेळात किंवा एकदोन दिवसांत येतं आणि उताऱ्याच्या इंजेक्शननं झटकन जातं.

घरी करता येईल अशी एक साधी पाहणी आहे. मोठ्या माणसाच्या समोरच्या दातांमध्ये त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात. दोनही मावत नसतील आणि गेल्या तीन आठवड्यांत कुठंही काही लागलं असेल, तर दाढेचा विचार नंतर. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं.

दुसरा दिवस. मान, पाठ, गिळणं. पाठ धरली म्हणून बाम चोळला असणार, शेतकऱ्याच्या घरात पाठ धरणं काय नवीन! पण इथं हनुवटी छातीला लागत नाही. पोटावर हात ठेवला तर फळीसारखं कडक लागतं. पाणी गिळताना ठसका लागतो, लाळ गिळली जात नाही. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, ती वाचून मी थांबले. तुमचा धाकटा म्हणाला होता, ‘आई, आजोबा उगाच हसताहेत.’ भुवया वर ताणलेल्या, ओठांचे कोपरे मागे खेचलेले, दात किंचित दिसणारे. धनुर्वातातला चेहरा नेमका असाच दिसतो. पोरानं पाहिलं ते बरोबर पाहिलं होतं, त्याला नाव तेवढं नव्हतं.

आणि इतकं सगळं असून हातपाय बऱ्यापैकी मोकळे असतात. मामा कपबशी धरत होते, कुबडल्यासारखे का होईना चालत होते. ‘चालतंय-फिरतंय म्हणजे फार काही नाही’ हा आपला सगळ्यांचा ठोकताळा. या आजारात तो फसतो.

तिसरा दिवस, ते ताट. आपला प्रत्येक स्नायू आवळण्याचा हुकूम मज्जारज्जूतून येतो आणि तो आवरणारा दुसरा हुकूमही तिथूनच येतो. धनुर्वाताचं विष हा आवरणारा हुकूमच बंद पाडतं. ब्रेक गेलेली उसाची ट्रॉली उताराला लागावी तसं मग होतं. धक्का किती लहान होता त्याला अर्थच उरत नाही. ताटाचा आवाज, बॅटरीचा उजेड, कुणी प्रेमानं पाठीवर ठेवलेला हात, एवढ्यानंही सगळं अंग एकदम आवळतं. झटक्यात मणके मोडल्याची उदाहरणं आहेत. घशाचे आणि छातीचे स्नायू आवळले की श्वास अडतो, आणि जीव जातो तो बहुधा तिथं.

या झटक्यांत माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. फेफऱ्यात शुद्ध जाते, नंतर काही आठवत नाही. इथं तसं नाही. म्हणून दातखीळ बसली म्हणत कांदा हुंगवणं, चमचा घालून दात उघडणं, चौघांनी मिळून दाबून धरणं, यातलं काहीही करू नये. प्रत्येक गोष्ट पुढचा झटका ओढवून आणते. उजेड कमी करायचा, गलका थांबवायचा, तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही, कुशीवर ठेवायचं आणि १०८ ला फोन करायचा.

शुद्धीवर असतो म्हणजे काय, हे तुमच्या घराला सांगायला हवं असं मला वाटतं. देवऋषीकडच्या त्या रात्री लिंबू, धूर, आरडाओरडा, अंगावर हात, हे सगळं मामांना कळत होतं. मी आत्तींना दोष देत नाही. डोळ्यांदेखत नवरा कमानीसारखा उचलला जातोय, आणि तोवर दोन्ही डॉक्टरांनी काही भयंकर सांगितलेलं नाही. अशा वेळी माणूस मिळेल तो दरवाजा ठोठावतो. पण त्या रात्रीची किंमत होती. पहिल्या लक्षणापासून पहिल्या झटक्यापर्यंतचं अंतर जितकं कमी तितका आजार जहाल. ते ४८ तासांच्या आत असेल तर फारच. मामांना थोडं जास्त अंतर मिळालं, आणि ते वाचले त्यात त्याचाही वाटा असावा.

‘जखम तर सुकली होती’ असं तुम्ही पुनःपुन्हा लिहिलंय. या आजारात सुकलेली जखम हा पुरावा नाही. जखमेपासून लक्षणांपर्यंत साधारण ३ ते २१ दिवस जातात, बहुधा ८ दिवसांच्या आसपास. तोवर जखम मिटलेली असते. कित्येकांच्या बाबतीत ती सापडतही नाही. बाभळीचा काटा असतो, वाहणारा कान असतो, मधुमेह असलेल्याच्या टाचेची भेग असते. डोक्याला किंवा चेहऱ्याला लागलं असेल, कान वाहत असेल, तर क्वचित सुरुवात चेहऱ्याची एक बाजू लुळी पडण्यानं होते आणि लोक लकवा समजतात. बाळंतपण घरी झालेलं असेल तर नवजात बाळाचं निराळं: पहिले दोन दिवस छान दूध ओढणारं बाळ तिसऱ्या दिवसानंतर ओढायचं थांबतं, मग ताठरतं. गरोदरपणातल्या लसीमुळं हे आता दुर्मीळ झालंय, २०१५ मध्ये भारतानं माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं निर्मूलन साधल्याचं प्रमाणित झालं. पण दुर्मीळ होण्याचा दुसरा परिणाम असा, की नव्या डॉक्टरांनी हा आजार पुस्तकातच पाहिलेला असतो.

आणि गंज. ‘खिळा असता तर लक्षात आलं असतं’ असं तुम्ही लिहिता. जंतूला गंजाशी देणंघेणं नाही. तो मातीत आणि जनावरांच्या शेणात बीजरूपानं वर्षानुवर्षं पडून असतो आणि जिथं हवा पोहोचत नाही अशा खोल, चिरडलेल्या जखमेत जागा होतो. शेणखत घातलेलं रान आणि तळपायात आत गेलेला बुडखा, त्याला आणखी काय हवं! त्यावर हळद-चुन्यानं जखमेचं तोंड बुजलं. सांगलीत बसून हळदीविरुद्ध लिहिणं जिवावर येतं, तरी लिहिते: हळद आमटीत, भंडाऱ्यात, अगदी नवरीच्या अंगाला, खोल जखमेत नाही. चुना, तंबाखू, शेण, गेरू, रॉकेल तर नाहीच नाही. नळाची धार सोडून साबणानं भरपूर धुवायचं, आत काडी-कचरा राहिला असेल तर तो डॉक्टरांकडून काढून घ्यायचा.

तक्रारीचं विचारलंत. तो तुमचा हक्क आहे आणि करू नका असं मी म्हणणार नाही. पण आधी तुम्हाला नक्की काय हवंय ते ठरवा. तुमच्या म्हणण्याप्रमाणं डॉक्टर अडीअडचणीला रात्री येतात, गावात दुसरे कुणी नाही. त्यांनी आधीच्या डोसांचं विचारलं नाही, तयार प्रतिपिंडांसाठी पुढं पाठवलं नाही, ही उणीव मोठी आहे. त्यांच्याकडे ते इंजेक्शन ठेवलेलं नसेल, महागही असतं. पण चिठ्ठी लिहिता आली असती. मी तुमच्या जागी असते तर मिरजेचं डिस्चार्ज कार्ड घेऊन यजमानांसोबत त्यांच्याकडे गेले असते, गर्दी नसताना, आणि कार्ड त्यांच्यापुढं ठेवून विचारलं असतं की पुढच्या वेळी असा माणूस आला तर तुम्ही काय कराल. उत्तर प्रामाणिक आलं तर पुढच्या तोडणी हंगामात कुणाचा तरी बाप वाचेल. उडवाउडवी झाली तर तक्रारीची वाट मोकळीच आहे. दातांच्या डॉक्टरांना मात्र मी एक गोष्ट ऐकवलीच असती: ‘तोंड उघडत नाही म्हणून तपासता येत नाही’ हेच तर लक्षण होतं.

निदानाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुष्कळ घरं इथं अडकतात. धनुर्वात रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतात. डॉक्टर तो बघून, हात लावून, ऐकून ओळखतात. मुंबईतल्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये एक साधी परीक्षा प्रसिद्ध केली: घशाच्या मागच्या भागाला चपट्या पट्टीनं स्पर्श करायचा. एरवी माणूस ओकारी काढून पट्टी बाहेर ढकलेल. धनुर्वाताचा रुग्ण ती चावून धरतो. संशय असलेल्या ४०० रुग्णांवर ती करून पाहिली, तेव्हा खरोखर धनुर्वात असलेल्या दर शंभरातल्या ९४ जणांत ती बरोबर आली आणि नसलेल्यात एकदाही फसली नाही. ही घरी चमचा घालून करायची गोष्ट नाही, हे वेगळं सांगायला नको. सांगण्याचा मुद्दा एवढाच, की दवाखान्यात शिरल्यावर रिपोर्टांची पिशवी उघडण्याआधी तुमचं पहिलं वाक्य हे असू द्या: ‘अमुक दिवसांपूर्वी जखम झाली होती आणि आता तोंड उघडत नाही.’ दाढ दुखतेय असं स्वतःच सांगितलंत की समोरचाही दाढच बघतो. आणि जायचं ते जिथं व्हेंटिलेटर आहे तिथंच, म्हणजे तुमच्या भागातून मिरज-सांगली, कराडकडच्यांनी कराड, नाहीतर सातारा, कोल्हापूर. लहान दवाखान्यात सलाईन लावून रात्र काढू नये. नसेत शिरलेलं विष कुठल्याच औषधानं बाहेर काढता येत नाही. जे अजून मोकळं आहे तेवढंच अडवता येतं, म्हणून तासांना किंमत.

आता मामा. ‘येऊन गेलेला रोग परत येत नाही’ हे गोवर-कांजिण्यांना लागू पडतं, धनुर्वाताला नाही. हे विष इतकं जहाल असतं की माणसाला आडवं करायला त्याचा कणभर अंश पुरतो, आणि तेवढ्यानं शरीर काही शिकत नाही. मिरजेत दिलेली तयार प्रतिपिंडंही काही आठवड्या-महिन्यांत संपतात. म्हणजे आजारातून उठलेले मामा उद्या पुन्हा बुडख्यावर पाय देतील तर होते तिथंच असतील. डिस्चार्ज कार्डावर लसीची नोंद कितवी आहे ते बघा. पहिल्या डोसनंतर किमान चार आठवड्यांनी दुसरा, दुसऱ्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी तिसरा, पुढं दर दहा वर्षांनी एक. हल्ली टीटीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पाचंही संरक्षण असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा.

पण ते नाही म्हणताहेत ते सुईला म्हणताहेत, असं मला वाटत नाही. पाच आठवडे नाका-तोंडात नळ्या, बोलता येत नाही, औषधाच्या गुंगीतही थोडंबहुत कळतंय, आणि त्याआधीची ती रात्र. अशा माणसाला दवाखान्याचा वास नको होतो. त्यांना लसीचं शास्त्र सांगत बसू नका. त्या दिवसांतलं काय आठवतं ते त्यांच्या मुलाला विचारू द्या, तुम्ही समोर नसताना. सुनेसमोर ते बोलणार नाहीत. मग आशाताईंना घरीच बोलावून आरोग्य केंद्राची वेळ ठरवता येते का ते बघा. मोठ्या इमारतीची पायरी चढावी लागणार नाही एवढं कळलं तरी बऱ्याचदा गाठ सुटते. आणि ते अजून अडखळत चालतात, लवकर दमतात, हे महिनोन्‌महिने चालू शकतं. त्याला आळस म्हणू नका, कुणाला म्हणूही देऊ नका.

तुमच्या पोटातल्या गोळ्याचं सांगते. मुलांची लसीकरण कार्डं काढा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे तीन डोस, मग दीड-दोन वर्षांचा, पाच-सहा वर्षांचा, दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचा. धाकट्याचे वयापर्यंतचे शिक्के पुरे असतील तर जबडा दुखल्यावर तुम्ही आधी दाढ, शाळेतली मारामारी आणि च्युइंगम यांचाच विचार करायचा. आ करता येतो का, पाणी गिळतोय का, हनुवटी छातीला लागते का, एवढं बघा. तिन्ही जमत असेल तर अभ्यासाला बसवा. यजमानांचे डोस आठवत नसतील तर ते झालेच नाहीत असं धरून तीन डोसांचा क्रम सुरू करायला हरकत नाही. जास्त झाला तर दंड दुखेल, बाकी काही बिघडत नाही. पुढचा हंगाम सुरू झाला की तुमच्या फडावर मराठवाड्यातून टोळ्या येतील, पायांत धड चप्पल नसलेली माणसं. मुकादमाला सांगून आरोग्य केंद्राची ताई एकदा फडावर आणता आली तर बघा. तुम्ही शाळेत आहात, तुमचा शब्द ऐकतील.

आत्तींचं बोलणं मनाला लागलंय ते दिसतंय. ‘शिकलेली सून’ हा टोमणा मला तरी भीतीतून आलेला वाटतो. देवऋषीकडे न्या असं त्या रात्री म्हणणाऱ्या त्याच होत्या, आणि ते त्या विसरल्या असतील असं नाही. त्या विषयावर समोरासमोर वाद घालू नका. मात्र त्यांना एक विचारा: गोठ्यातलं शेण रोज कोण काढतं, आणि त्यांचं शेवटचं टीटी कधी झालं? उत्तर बहुधा ‘तुझ्या नवऱ्याच्या वेळी’ असं येईल. म्हणजे चाळीस वर्षं झाली. मामांच्या डोसची तारीख ठरेल तेव्हा त्यांचंही नाव लावून घ्या, दोघं एकाच दिवशी जाऊ देत. त्या सोबत असल्या तर मामाही नाही म्हणणार नाहीत.